उजव्या डोळ्यातलं फूल

"फूल निघू शकतं," डॉ. शर्वरी टिपणीस म्हणाल्या, आणि प्रणीत म्हात्रेला ते ऐकून वाईट वाटलं.

त्याचं त्यालाच नवल वाटलं. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको हर्षाली बसली होती. तिने चाचपडत त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. हे एक वाक्य ऐकण्यासाठी दोघं दोन वर्षं दवाखाने पालथे घालत होती. पेणहून पनवेल, पनवेलहून पुणं, पुन्हा पनवेल. आता ते वाक्य ऐकू आलं होतं आणि त्याला आनंद होत नव्हता. त्याने चेहरा सावरला. तशी गरज नव्हती, कारण हर्षालीला तो धूसरच दिसत होता.

पेणला म्हात्र्यांचा गणपतींचा कारखाना होता, तीन पिढ्यांचा. अलीकडे साचे यंत्र भरत असे आणि अंगाचा रंगही यंत्राचा हातच फवारत असे. डोळे मात्र माणूसच काढी. मूर्तीचे डोळे रंगवायच्या या कामाला आखणी म्हणतात. गावातल्या एका कारखानदाराने मध्यंतरी यंत्राकडून आखणी करवून पाहिली होती. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे आले. गिऱ्हाइकं मूर्ती परत घेऊन आली आणि म्हणाली, हा बघतोय कुठेतरी, पण आमच्याकडे बघत नाही.

प्रणीत शाळेत असल्यापासून वडिलांच्या हाताखाली आखणी शिकला होता. हर्षाली अलिबागची, चित्रकलेच्या शिक्षिकेची मुलगी. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तिने हौस म्हणून ब्रश हातात घेतला. अण्णांनी, म्हणजे प्रणीतच्या वडिलांनी, ती मूर्ती उचलून खिडकीशी नेली, उजेडात बराच वेळ फिरवून पाहिली आणि सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, "प्रणीत, इकडे ये. हे बघ. इतकी वर्षं तुला हेच सांगतोय मी."

ते वाक्य प्रणीत विसरला नाही. पुढच्या वर्षापासून गिऱ्हाइकं "वहिनींची आखणी" मागू लागली. मोठ्या मूर्ती हर्षालीकडे गेल्या, प्रणीतकडे घरगुती राहिल्या. तो हसून म्हणायचा, "आमच्याकडे खरी कलाकार हीच." हे म्हणून तो लगेच विषय बदलायचा. तिच्यावर त्याचं प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. ती काम करत असताना तिच्या मानेवर घाम आला तर तो पंखा तिच्याकडे वळवायचा. पण तिचा ब्रश एका झोकात पापणीची रेघ ओढून सुटला, की त्याला तिथे उभं राहवत नसे.

मग एका दुपारी सुकलेली मूर्ती घासताना मातीचा कण हर्षालीच्या उजव्या डोळ्यात गेला. तिने डोळा चोळला. दोन दिवसांत डोळा लाल झाला, चौथ्या दिवशी कळलं की आत बुरशी वाढतेय. औषधांनी बुरशी गेली, जखम भरली, पण बुबुळावर दुधासारखा पांढरा डाग राहिला. जुन्या लोकांच्या भाषेत, डोळ्यात फूल पडलं. तिचा डावा डोळा लहानपणापासूनच आळशी होता. त्याला नुसते आकार कळत. सगळं कसब उजव्या डोळ्यात होतं.

प्रणीतने तिची मनापासून सेवा केली. तिला हाताला धरून फिरवलं, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगितलं. आणि त्याच दोन वर्षांत मोठ्या मूर्ती त्याच्याकडे आल्या. गिरगावातल्या एका मंडळाच्या मूर्तीची आखणी त्याने केली, तिचे फोटो सगळीकडे फिरले, एका वाहिनीवर त्याची मुलाखत झाली. लोक त्याला प्रणीतदादा म्हणू लागले. संध्याकाळी हर्षाली मुलाखत ऐकत बसायची आणि कौतुकाने हसायची. लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर देण्याची त्याला लाज वाटली असती.

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर डोळ्याचं चित्र लावलं. हर्षालीसाठी त्या तोंडी सांगत गेल्या.

"बुबुळाच्या पुढे काचेसारखा भाग असतो, तो म्हणजे पारपटल. गंमत अशी की तो आपल्या कातडीतल्यासारख्याच धाग्यांचा बनलेला असतो. कातडीतून आरपार दिसत नाही, यातून दिसतं. फरक मांडणीचा. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके कसे सारख्या अंतरावर असतात, तसे इथले धागे. अंतर बिघडलं की प्रकाश विखुरतो आणि तिथे पांढरं दिसतं."

"आणि माझं का बिघडलं?" हर्षालीने विचारलं.

"या धाग्यांमध्ये काही पेशी असतात. एरवी त्या शांतपणे धाग्यांची निगा राखतात. त्यांच्यावर एक अगदी पातळ पापुद्रा असतो. जखमेने तो फाटला की वरच्या थरातून आणि अश्रूंतून एक रासायनिक निरोप खाली झिरपतो. तो मिळाला की या शांत पेशींचं रूप पालटतं, त्या गवंडी होतात. जखम आवळून धरतात आणि हाताला लागतील तसे धागे टाकत सुटतात. डोळा फुटण्यापेक्षा पांढरा झालेला बरा, असं शरीर ठरवतं. पुढे पापुद्रा सांधला गेला की निरोप थांबतो, गवंडी आपोआप मरतात आणि पुन्हा शांत पेशी येऊन राडा साफ करतात. तुमचा पापुद्रा सांधलाच नाही. त्यामुळे गवंडी अजून आत आहेत. दोन वर्षं कामावर आहेत."

नवा शोध होता तो पापुद्र्याचा. हर्षालीच्याच डोळ्याच्या कडेच्या मूळ पेशी घेऊन तो प्रयोगशाळेत वाढवता येत होता. जुनं फूल खरवडून काढायचं, म्हणजे जखम पुन्हा ताजी करायची, आणि वर हा पापुद्रा बसवायचा. तो आत धरेपर्यंत दीड महिना दर तीन तासांनी डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा, म्हणजे तो धोक्याचा निरोप खाली पोचत नाही.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या, "पापुद्रा वाढवताना त्याला हवा तो बाक देता येतो. जन्मतः कुणाचंच पारपटल निर्दोष नसतं. तुमचं असेल. आधी दिसत होतं त्यापेक्षा स्वच्छ दिसेल. माझ्यापेक्षा, यांच्यापेक्षाही." त्यांनी प्रणीतकडे बोट दाखवलं.

हर्षाली हसली. प्रणीतही हसला.

"मात्र थेंब चुकले तर गवंडी पुन्हा जागे होतील, आणि या वेळचं फूल आधीपेक्षा दाट असेल. दुसरा प्रयत्न करता येणार नाही, तेवढ्या मूळ पेशी उरणार नाहीत. शिवाय खरवडताना तिथल्या नसा तुटतात, त्यामुळे काही महिने तुम्हाला तिथे काही जाणवणार नाही. कुठला थेंब पडला हेही कळणार नाही. थेंब घालायला नीट माणूस हवा."

"आहे की," हर्षाली म्हणाली.

शस्त्रक्रिया चैत्रात झाली. डोळ्यावर जाळीदार झाकण होतं आणि डॉक्टरांनी उजेड टाळायला सांगितला होता, म्हणून ती कारखान्यामागच्या खोलीत पडदे ओढून बसायची. दोन बाटल्या होत्या. निळ्या झाकणाची औषधाची, ती फ्रिजमध्ये असे. पांढऱ्या झाकणाची नुसती डोळा ओला ठेवण्यासाठी. प्रणीत गजर लावून यायचा, हात धुवायचा, तिची हनुवटी वर करायचा.

"आज मूर्तीवरची मोरपिशी शाल आठवत होते," ती सांगायची. "त्या रंगावर डोळ्याची कड तपकिरी न ठेवता काळपट जांभळी ठेवली तर? तुला काय वाटतं?"

"चांगलं दिसेल," तो म्हणायचा. असं आपल्याला का सुचत नाही, हा विचार बाटली फ्रिजमध्ये ठेवेपर्यंत त्याच्या डोक्यात राहायचा.

पहिले पंधरा दिवस त्याने एकही थेंब चुकवला नाही. दर दोन दिवसांनी दवाखान्यातून मिळालेल्या यंत्राने डोळ्याचा फोटो काढून पाठवायचा होता. फोटो स्वच्छ येत होते. फूल गेलं होतं, तिथे बुबुळाचा काळा रंग दिसू लागला होता. प्रणीतला तो डोळा फार सुंदर वाटला, आणि त्याचा रागही आला.

सोळाव्या की सतराव्या दिवशी तो कारखान्यात आला तेव्हा गिरगावच्या मंडळाची मूर्ती मधोमध उभी होती, पाच फुटी, रंग पुरा झालेली. ब्रश धुऊन तो स्टुलावर चढणार तेवढ्यात अण्णांनी मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकलं.

"याची घाई नाही," अण्णा म्हणाले. "मंडळाच्या लोकांशी बोललोय मी. हर्षालीचा डोळा उघडेपर्यंत थांबायला तयार आहेत ते."

"मागची दोन वर्षं मीच केलीय आखणी."

"केलीस ना. चांगली केलीस." अण्णा फडक्याची गाठ मारत होते. "पण आता ती येतेय, तर कशाला."

बोलण्यात दुष्टावा नव्हता. प्रणीतला तेच जास्त लागलं. कारागीर खाली मान घालून कामाला लागले. खिशात गजर वाजला. तो मागच्या खोलीत गेला, फ्रिज उघडला, निळी बाटली पाहिली आणि फ्रिज तसाच बंद केला. टेबलावरची पांढरी बाटली उचलून त्याने हर्षालीच्या डोळ्यात थेंब घातला.

"थँक्यू," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याने दोनदा तसं केलं. दुसऱ्या दिवशी सगळे थेंब नीट घातले. तिसऱ्या दिवशी हर्षाली फोनवर आईला सांगत होती, "या वर्षी मंडळाची मूर्ती मीच करणार बहुतेक." त्या दुपारी पुन्हा पांढरी बाटली. तो स्वतःला समजावत होता की आपण तिचा डोळा घालवत नाही, फक्त लांबवतोय. एवढा हंगाम जाऊ दे. मग सगळं करू. दर वेळी हनुवटी वर करताना तो विचारायचा, "दुखतंय का?" ती म्हणायची, "नाही रे. तिथे काही कळतच नाही."

असं आठवडाभर चाललं, आणि मग एका फोटोनंतर डॉक्टरांनी दोघांना लगेच बोलावलं.

या वेळी त्यांनी पडद्यावर डोळ्याचा उभा छेद लावला. नाकाकडच्या कडेला धुक्यासारखा पांढुरका पट्टा होता.

"हे आठवड्याभरातलं आहे," त्या म्हणाल्या. "आणि पसरतंय. दोन कारणं असू शकतात. थेंब चुकले असतील, नाहीतर शरीराने पापुद्रा झिडकारला असेल. चित्रात दोन्ही सारखंच दिसतं. थेंब चुकले असतील तर उपाय आहे. डोळा औषधाने धुवायचा, थेंब दुप्पट करायचे, पट्टा इथेच थांबेल. पण पापुद्राच झिडकारला असेल तर तो आज काढावा लागेल. ठेवला तर डोळा सुजून कायमचा जाईल."

"एकही थेंब चुकला नाही डॉक्टर," हर्षाली म्हणाली. "प्रणीत गजर लावून येतो. हातातलं काम टाकून येतो."

डॉक्टरांनी प्रणीतकडे पाहिलं. त्याने मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसती हलली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे झिडकारलाय," डॉक्टर म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, हर्षाली."

हर्षालीने डोळ्यावरचं झाकण चाचपलं. मग तिने विचारलं, "काढल्यावर फूल परत येणार?"

"हो."

"आणि मग ते तसंच राहणार."

"हो."

तिने प्रणीतच्या दिशेने तोंड वळवलं. "अण्णांना तू सांगशील? मला नाही जमणार. त्यांनी मूर्ती झाकून ठेवलीय माझ्यासाठी."

परिचारिका येऊन तिला आत घेऊन गेली. प्रणीतला आधी वाटलं ते हलकं. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. यंत्र, पेशी, नशीब, कुणालाही दोष देता आला असता आणि कुणालाही कधी कळलं नसतं. मंडळाची मूर्ती त्याची होती. सगळ्या मूर्ती त्याच्या होत्या.

डॉक्टर हातमोजे घालत म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे रोज पेशंट येतात, पण इतकं कुणी करत नाही. हर्षाली फार नशीबवान आहे, असं मी आमच्या सगळ्यांना सांगते."

आजवर तिच्या शेजारी उभं करून कुणीही प्रणीतला मोठं म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं हेच तर त्याला हवं होतं. आता ते त्याला ऐकवेना. डॉक्टर दारापर्यंत पोचल्या होत्या.

"डॉक्टर, काढू नका."

त्या थांबल्या.

"थेंब चुकलेत. मी चुकवलेत."

"किती?"

"बरेच. दुसऱ्या बाटलीतले घातले." त्याने मान खाली घातली. "मुद्दाम."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्याने पाहिलं नाही, तो जमिनीकडे बघत होता. त्या आतल्या लोकांना सांगताना ऐकू आल्या, "पापुद्रा काढायचा नाही. धुण्याची तयारी करा." मग त्या परत वळल्या.

"वेळेवर सांगितलंत म्हणून डोळा वाचेल. पण तिला हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

संध्याकाळी हर्षालीला खोलीत आणलं तेव्हा ती खुशीत होती. पापुद्रा काढावा लागला नाही एवढंच तिला कळलं होतं. प्रणीतने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. मूर्तीवर टाकलेलं फडकं, निळी बाटली, पांढरी बाटली. सांगताना आपण रडू, असं त्याला वाटलं होतं, पण रडू आलं नाही.

"मला विचारायचास, दुखतंय का म्हणून," ती म्हणाली. "तेव्हाही?"

"तेव्हाही."

"माझी आखणी आवडत नव्हती का तुला?"

"आवडायची. म्हणूनच."

तिने हात पुढे केला. क्षणभर त्याला वाटलं, ती त्याचा हात मागतेय.

"माझा फोन दे," ती म्हणाली. तिने आईला लावला. "आई, मला न्यायला ये. पेणला नाही, दवाखान्यात. बाटल्या इथूनच घेऊ. थेंब तू घाल."

अण्णांना प्रणीतनेच सांगितलं. अण्णा ऐकत असताना हातातला मातीचा गोळा दाबत राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस ते त्याच्याशी कामापुरतं बोलले. आषाढ लागला तसे मंडळाचे लोक फोन करू लागले. तेव्हा एका सकाळी अण्णांनी स्वतः मूर्तीवरचं फडकं काढलं आणि म्हणाले, "घे. तूच कर आता. तुझ्या मनासारखं झालं."

प्रणीत स्टुलावर चढला. पांढरा रंग आधीच भरलेला होता, त्यावर नुसती रेघ धरायची होती. ब्रश बराच वेळ हवेत राहिला. मग उतरून त्याने टेम्पोवाल्याकडून गाडी मागून आणली आणि मूर्ती तीत चढवली.

अलिबागला हर्षालीच्या आईने, मंदाकिनीबाईंनी, दार उघडलं. पूर्वी त्या जावयाला नावाने हाक मारत. आता म्हणाल्या, "गाडी मागच्या अंगणात घ्या."

हर्षाली पडवीत बसली होती. डोळ्यावर झाकण नव्हतं. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ते पाहणं इतकं सरळ, इतकं नेमकं होतं की त्याला आपला शर्ट, दाढीचे खुंट, चेहरा, सगळंच लपवावंसं वाटलं. जवळ गेल्यावर उन्हात त्याला दिसलं. बुबुळ काळंभोर होतं, आणि नाकाकडच्या कडेला नखाच्या कडेएवढी बारीक पांढुरकी कोर होती.

"मध्ये स्वच्छ दिसतं," तिने आपणहून सांगितलं. "खूप स्वच्छ. समोरच्या नारळाच्या झावळीची पाती वेगवेगळी दिसतात. समोरून दिवा आला की त्या कडेने चकाकतं. गाडी चालवता येणार नाही बहुतेक."

"जाईल का ते?"

"डॉक्टर म्हणतात, जाईल कदाचित वर्षाभरात. कदाचित नाही." ती उठली. "मूर्ती कुणी पाठवली? अण्णांनी?"

"मी आणली."

तिने पुढे काही विचारलं नाही. त्याने आणि शेजारच्या दोघांनी मूर्ती पडवीत उतरवली. तिने रंग कालवले. अडीच वर्षांनी ती ब्रश धरत होती आणि पहिली रेघ तिने पुसून टाकली, हे त्याने पाहिलं. दुसरी एका झोकात सुटली. तो खांबाला टेकून उभा राहिला. पूर्वीसारखंच त्याला तिथून जावंसं वाटलं. तो निघून गेला नाही. डोळ्याची कड तिने काळपट जांभळी ठेवली होती.

उन्हं उतरता उतरता तिने ब्रश खाली ठेवला.

"हर्षाली," तो म्हणाला, "मला अजूनही जळायला होतं. आत्ताही झालं."

"माहितीय." ती ब्रश धूत होती. "तू उभा होतास ना, मला दिसत होतं."

"परत कधी येशील?"

"या कोरीमुळे थेंब अजून वर्षभर आहेत. दिवसातून दोनदा. आई घालते."

"मग वर्षाने विचारतो."

तिने ब्रशाचं टोक ओठांनी नीट केलं, उजेडात धरून पाहिलं. "विचार," ती म्हणाली. "मी काय सांगेन ते मला आत्ता माहीत नाही."

परतीच्या वाटेवर पोयनाडच्या पुढे त्याने गाडी कडेला घेतली. मागे चढून त्याने मूर्तीच्या तोंडावरचं फडकं सोडलं. अजून उजेड होता. त्याने आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा. पापण्यांच्या रेघा, बुबुळाचा घेर, आतला प्रकाशाचा ठिपका, सगळं तपासलं. तो चूक शोधत होता, हे त्याला कळत होतं. बाजूला सरकून, खाली वाकून, लांबून, जवळून त्याने पाहिलं. एकही सापडली नाही.

त्याने फडकं पुन्हा घट्ट बांधलं, मूर्तीच्या दोन्ही बाजूंच्या गाद्या दाबून बसवल्या आणि पुढचा सगळा रस्ता खड्डे चुकवत, हळू गाडी चालवली.